राखण संपल्यावरची झोप : योगनिद्रेच्या एका साधिकेचे प्रकरण

योगनिद्रा, म्हणजे निश्चल पडून सूचनांनुसार शरीरावर लक्ष फिरवण्याची साधना, शिकायला येणाऱ्या बहुतेकांना खरे तर झोप हवी असते, आणि शिकवणाऱ्याला मात्र पहिल्याच दिवशी त्यांना सांगावे लागते की या साधनेत झोपायचे नाही. हा विरोध ज्यांना पटतो त्यांना पुढे फारसे समजवावे लागत नाही. ज्यांना पटत नाही ते दोन-चार दिवसांत कंटाळून सोडून देतात, किंवा वर्षानुवर्षे रोज ध्वनिमुद्रण लावून चौथ्या मिनिटाला घोरू लागतात. पुढे मांडलेले प्रकरण अशा एका साधिकेचे आहे, ज्यांना हा विरोध उमगायला पाच आठवडे लागले, आणि त्यांपैकी निदान दोन आठवडे माझ्या चुकीमुळे वाया गेले. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. घटनाक्रम तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

साधिकेचे वय 52. अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा त्यांनी सलग दोन वर्षे एकटीने केली. रात्री दोनच्या सुमारास आईला कूस बदलून द्यावी लागे, पहाटे पाचला औषध द्यावे लागे, आणि मधल्या वेळात तिचा श्वास घरघरू लागला तर उशी उंच करावी लागे. त्या आईच्या पलंगाला लागून जमिनीवर अंथरूण घालत आणि उजवा हात वर करून पलंगाच्या कडेवर ठेवून झोपत, म्हणजे आईने नुसती हालचाल केली तरी त्यांना कळे. आई जाऊन आठ महिने उलटले होते. रात्री अकराच्या आत त्यांना सहज झोप लागत असे, पण दोनला डोळा उघडे तो साडेचारपर्यंत मिटत नसे. दिवसभर डोके जड राही, हिशेबात चुका होत, आणि याहून त्रासाची गोष्ट म्हणजे संध्याकाळी सहा वाजल्यापासूनच येणाऱ्या रात्रीची धास्ती वाटू लागे.

डॉक्टरांकडून त्यांची तपासणी आधीच झाली होती. थायरॉइडचा दोष नव्हता, रक्त कमी नव्हते, झोपेत श्वास अडकण्याची लक्षणे नव्हती. काही आठवड्यांसाठी दिलेल्या झोपेच्या गोळ्या डॉक्टरांच्याच सल्ल्याने हळूहळू कमी करून थांबवण्यात आल्या होत्या. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण अशी तपासणी न करता कोणी थेट योगनिद्रेकडे वळले तर मूळ आजार झाकलेला राहू शकतो, आणि गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करणे तर धोक्याचेच असते.

पहिल्या भेटीत मी त्यांना शवासनात झोपवले आणि काहीही न बोलता दहा मिनिटे नुसते पाहत बसले. शिकवणाऱ्याने ही दहा मिनिटे कधीही वाचवू नयेत असे माझे मत आहे. डावा हात तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला सैल पडला, बोटे अर्धवट वळून स्थिर झाली. उजव्या हाताचा अंगठा मात्र मुठीत आत दुमडलेला होता आणि बाकीची चार बोटे त्यावर घट्ट मिटली होती. बाहेर कुठे दार वाजले की मान केसभर उजवीकडे वळे आणि पापण्या थरथरत. कूस उजवी, कान उजवा, हात उजवा. आईचा पलंग त्यांच्या उजव्या बाजूला असे, हे मला दुसऱ्या भेटीत कळले. झोपण्याची शक्ती त्यांच्यात शाबूत होती. राखण करण्याची सवय तेवढी अंगात उरली होती, आणि ज्या माणसाची राखण करायची ते माणूस गेले आहे ही बातमी अजून हातापर्यंत पोहोचली नव्हती.

झोपेच्या अभ्यासकांनी दीर्घकालीन निद्रानाशाचे एक मोठे कारण अतिजागृती हे सांगितले आहे. शरीर दमलेले असते, पण सावध राहण्याची यंत्रणा खाली येत नाही. हृदयाचे ठोके, स्नायूंचा ताण आणि विचारांचा वेग रात्रीही पुरेसे खाली येत नाहीत. त्यात झोपेची एक मोठी अडचण अशी की ती प्रयत्नाने मिळत नाही. हात उचलावा तशी झोप आणता येत नाही, आणि आणू गेले की तो प्रयत्नच जागे ठेवतो.

मी केलेली चूक

योगनिद्रेचा आज प्रचलित असलेला साचा योगगुरू स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी गेल्या शतकाच्या मध्यानंतर घालून दिला. तांत्रिक उपासनेत शरीराच्या एकेका भागाला स्पर्श करून तेथे मंत्राची स्थापना करण्याचा जो न्यास नावाचा विधी आहे, त्यातून मंत्र व कर्मकांड बाजूला ठेवून त्यांनी ही पद्धत उभी केली. तिचा क्रम साधारणपणे असा असतो : शवासनात स्थिर होणे, संकल्प (मनात धरायचे एक छोटे वाक्य), शरीराच्या अवयवांवरून क्रमाने जाणीव फिरवणे, श्वासाची उलटी मोजणी, जड-हलके किंवा गरम-थंड अशा परस्परविरुद्ध संवेदना जागवणे, मनापुढे भराभर चित्रे आणणे, पुन्हा तोच संकल्प, आणि सावकाश बाहेर येणे. शवासन स्वतः बरेच जुने आहे. हठप्रदीपिका या हठयोगावरील जुन्या ग्रंथात त्याचे कर्ते स्वात्माराम यांनी त्याला श्रांतिहर, म्हणजे थकवा घालवणारे, आणि चित्तविश्रांतिकारक म्हटले आहे.

मी त्यांना या पूर्ण क्रमाचे 35 मिनिटांचे ध्वनिमुद्रण दिले आणि रात्री अंथरुणात पडल्यावर ऐकायला सांगितले. बहुतेक ठिकाणी असेच सांगतात, आणि ज्यांची झोप मुळात बरी आहे त्यांचे त्याने काही बिघडत नाही. पहिल्या तीन रात्री त्या सकाळपर्यंत झोपल्या. चौथ्या दिवशी त्यांनी मला अतिशय आनंदाने कळवले, आणि मीही आनंदले. त्याच रात्री दोनला जाग आली. त्यांनी ध्वनिमुद्रण पुन्हा लावले, झोप आली नाही. साडेतीनला तिसऱ्यांदा लावले. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस त्यांची अवस्था अशी झाली की माझा आवाज सुरू झाला की त्यांच्या छातीत धडधडू लागे, कारण अवयवांच्या क्रमातले ‘उजव्या हाताचा अंगठा’ हे पहिले शब्द म्हणजे आता झोप येते की नाही याची परीक्षा होऊन बसली होती.

संकल्पातही मी तीच चूक केली होती. त्यांनी निवडलेले ‘मला रोज रात्री गाढ झोप लागते’ हे वाक्य मी मान्य केले. संकल्प छोटा, होकारार्थी आणि वर्तमानकाळात असावा हा नियम त्यात पाळलेला होता, तरीही ते वाक्य रोज रात्री दोन वाजता खोटे ठरत होते. जे वाक्य घड्याळ पाहून तपासता येते ते संकल्पाच्या कामाचे नाही, हे मला त्यांच्यामुळे शिकायला मिळाले.

बदललेला क्रम

तिसऱ्या आठवड्यात आम्ही सगळे पुन्हा मांडले. रात्रीचे ध्वनिमुद्रण पूर्णपणे बंद केले. साधना दुपारी चारच्या सुमारास, निजण्याच्या खोलीत नव्हे तर दुसऱ्या खोलीत, जमिनीवर चटई अंथरून करायची असे ठरवले. कालावधी 20 मिनिटांवर आणला. आठवड्यातून तीनदा मी समोर बसून सूचना देऊ लागले, उरलेल्या दिवशी त्यांनी त्याच सूचना मनातल्या मनात घ्यायच्या होत्या. संकल्प तूर्त सोडून दिला. चित्रांचा टप्पा गाळला. निजण्याच्या खोलीतले घड्याळही काढून टाकायला सांगितले.

जागा आणि वेळ बदलण्यामागे ठोस कारण होते. अंथरुणात पडून तासन्‌तास जागे राहणाऱ्या माणसाच्या लेखी अंथरूण हीच जागण्याची खूण होऊन बसते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये याच जाणिवेतून एक पद्धत मांडली, जिच्यात झोप येत नसेल तर अंथरुणातून उठायचे आणि झोप आल्यावरच परत जायचे असते. मी या साधिकेच्या अंथरुणात आणखी एक काम नेऊन ठेवले होते. शिवाय दुपारच्या साधनेत झोप लागली नाही म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. उलट जागे राहायचे असा नियमच असतो. आयुष्यात दोन-अडीच वर्षांनी प्रथमच त्यांना असे वीस मिनिटे पडून राहायचे होते, ज्यांत झोप न लागणे हे अपयश नव्हते आणि जागणे ही कोणाची राखण नव्हती.

व्यवहारातल्या बारीकसारीक गोष्टी इथे फार महत्त्वाच्या ठरतात. त्यांची कंबर जमिनीपासून उचललेली राहत होती, म्हणून गुडघ्यांखाली गुंडाळलेली चादर ठेवली. स्थिर पडल्यावर अंग थंड होते, म्हणून सुरुवातीपासूनच पातळ पांघरूण घातले. टाचांमध्ये वीतभर अंतर, तळवे वर, हनुवटी किंचित आत. डुलकी येऊ लागली तर स्वतःला दोष न देता शेवटचा जो अवयव आठवत असेल तेथे परत यायचे, एवढीच सूचना दिली. आवाजाबद्दल सांगायचे तर तो मधाळ करण्याची काही गरज नसते. साधा, सलग, मधली शांतता फार लांबवू न देणारा आवाज चांगला, कारण लांब शांततेत अशी माणसे पुन्हा कानोसा घेऊ लागतात.

अंगठा

शरीरभ्रमणाची, म्हणजे अवयवांवरून जाणीव फिरवण्याच्या टप्प्याची, सुरुवात परंपरेने उजव्या हाताच्या अंगठ्यापासून होते. मग तर्जनी, मधले बोट, अनामिका, करंगळी, तळवा, मनगट, असे करत उजवी बाजू संपवून डावीकडे जायचे. क्रम कायम ठेवणे आवश्यक असते, कारण पुढे काय येणार हे माहीत असले की मनाला वाट शोधावी लागत नाही. हाताला अग्रक्रम देण्याचे समर्थन करताना मेंदूच्या नकाशाचा दाखला नेहमी दिला जातो. मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड आणि एडविन बोल्ड्री यांनी 1937 मध्ये दाखवले की मेंदूच्या पृष्ठभागावर हात, ओठ आणि जीभ यांनी त्यांच्या आकाराच्या मानाने फार मोठी जागा व्यापलेली असते. त्यावरून शरीरभ्रमणाने अमुक केंद्रे शांत होतात असा थेट निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते. पण हाताकडे लक्ष नेले की ते चटकन पकड घेते, हा अनुभव बहुतेक साधकांचा असतो.

या साधिकेचा अनुभव उलट होता. ‘मला उजवा अंगठा सापडतच नाही,’ असे त्या तीन-चार दिवस सांगत होत्या. डाव्या हाताची बोटे एकेक करून उमलल्यासारखी जाणवत, आणि उजवीकडे नुसता एक दगड असल्यासारखे वाटे. मी परंपरेचा क्रम मोडला आणि डाव्या हातापासून सुरुवात केली. उजव्या हाताची पाळी आली तरी अंगठ्याचे नाव घेणे टाळून फक्त ‘संपूर्ण उजवा हात, चटईला टेकलेला’ एवढेच म्हणू लागले. टेकलेला हा शब्द मी विचारपूर्वक निवडला होता, कारण त्या हाताने दोन वर्षे टेकणे असे अनुभवलेच नव्हते. तो कायम कशावर तरी पहाऱ्याला ठेवलेला होता.

चौथ्या आठवड्यात विरुद्ध संवेदनांच्या टप्प्यात मी ‘हात जड होत आहेत’ असे म्हटले, आणि त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांकडे वाहू लागले. चेहरा स्थिर होता, श्वास मात्र वर चढला होता. अशा वेळी थांबून ‘काय झाले’ असे विचारण्याचा मोह होतो, आणि खोदून विचारण्याने माणूस आणखी आत ओढला जातो. मी संवेदनांचा टप्पा तिथेच सोडला, पाठीचा चटईला होणारा स्पर्श, टाचांचा स्पर्श, खोलीतले आवाज, एवढ्यांवरून लक्ष फिरवले, आणि नेहमीपेक्षा सहा मिनिटे आधी सावकाश समाप्ती केली. उठून बसल्यावर त्यांनी आपण होऊन सांगितले की शेवटच्या रात्री आईचा हात त्यांच्या हातात होता आणि तो असाच जड झाला होता. त्यांना डुलकी लागली होती. जाग आली तेव्हा सगळे संपलेले होते. ‘मी झोपले म्हणून ती एकटी गेली,’ हे वाक्य त्यांनी आठ महिन्यांत कोणापाशीही उच्चारले नव्हते.

त्या दिवसानंतर जड-हलके ही जोडी मी वगळली आणि गरम-थंड ही ठेवली. दुःखाविषयी बोलण्यासाठी समुपदेशकाकडे जाण्याचे सुचवले, आणि त्या गेल्याही, कारण तो भाग योगशिक्षकाच्या अधिकारात येत नाही. ज्यांच्यावर मोठा आघात झालेला आहे, ज्यांना स्वतःपासून तुटल्यासारखे वाटते किंवा भास होतात, अशांना डोळे मिटून लांबलचक अंतर्मुख साधना देणे अपायकारक ठरू शकते. त्यांच्यासाठी साधना उघड्या डोळ्यांनी, थोडी, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगूनच व्हावी, असा माझा आग्रह आहे.

पाचव्या आठवड्यात संकल्पाचा विषय त्यांनीच काढला. मी काही सुचवले नाही. दोन दिवसांनी त्यांनी सांगितलेले वाक्य होते, ‘मला विसावता येते.’ त्यात रात्र नव्हती, झोप नव्हती, तास नव्हते. दुपारी चटईवर पडल्या पडल्याही ते खरे ठरत होते. त्याच आठवड्यात एका दुपारी उजव्या हाताची मूठ सुटली आणि अंगठा बाहेर आला. त्यांना ते कळले नाही. मी पाहिले, आणि सांगितले नाही.

नोंदी आणि त्यांचा अर्थ

त्या रोज सकाळी अंदाजाने तीन गोष्टी वहीत लिहीत : जाग किती वेळा आली, किती वेळ जागे होतो असे वाटले, आणि संध्याकाळी धास्ती होती की नाही. यात सर्वांत आधी बदलली ती धास्ती. सहाव्या आठवड्यापर्यंत ती जवळजवळ गेली होती, आणि त्या वेळी दोनची जाग मात्र पूर्वीसारखीच येत होती. आठव्या आठवड्यात जागे राहण्याचा काळ अडीच तासांवरून साधारण पाऊण तासावर आला. दोनला जाग येणे पूर्ण थांबले नाही. या क्रमाकडे मी लक्ष वेधू इच्छिते : विश्रांती आधी दिवसा आली, तिच्या मागोमाग भीती ओसरली, आणि झोप सर्वांत शेवटी सुधारली. मी पहिल्या दोन आठवड्यांत झोपेला सर्वांत पुढे बसवले होते.

हा सगळा गुण योगनिद्रेचाच, असा दावा मी करणार नाही. घड्याळ त्याच काळात काढले गेले, समुपदेशन सुरू झाले, आणि शोकाचे दिवसही आपल्या गतीने सरत होते. एका व्यक्तीच्या प्रकरणात या गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. दीर्घकालीन निद्रानाशावर प्रथम कोणता उपचार करावा याबाबत ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये जी मार्गदर्शक सूचना दिली, तीत पहिले स्थान विचार व वर्तन बदलणाऱ्या उपचारपद्धतीला आहे, आणि योगनिद्रेला तिची जोड म्हणूनच पाहावे असे मला वाटते.

तरीही काही संशोधन या प्रकरणावर प्रकाश टाकते. 2002 मध्ये कोपनहेगनमधील संशोधकांनी 8 अनुभवी साधकांच्या मेंदूचे योगनिद्रेच्या वेळी चित्रण केले, तेव्हा मेंदूच्या एका खोल भागात डोपामिन या रसायनाचे स्रवण सुमारे 65 टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले, आणि साधकांनी स्वतः सांगितलेला अनुभव काही करण्याची ओढ कमी झाल्याचा होता. आठ जणांवरून सर्वांसाठी नियम बांधता येत नाही. पण ‘काही करण्याची ओढ’ हे शब्द वाचताना मला मुठीत दुमडलेला तो अंगठा आठवतो. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधकांच्या एका अभ्यासात असे दिसले की योगनिद्रेच्या वेळी मेंदूलहरींच्या निकषांनुसार माणूस जागा असतो आणि तरीही मेंदूच्या काही भागांत गाढ झोपेत दिसणाऱ्या मंद लहरी वाढलेल्या असतात. जागेपण आणि झोप एकाच वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी, असू शकतात तर! या साधिकेच्या डाव्या-उजव्या हातांत मी पहिल्या दिवशी ओबडधोबडपणे तेच पाहिले होते असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही, पण शिकवताना ही कल्पना मला फार उपयोगी पडते.

एक गैरसमज इथे दूर केला पाहिजे. अर्ध्या तासाची योगनिद्रा चार तासांच्या झोपेइतकी असते असे सर्रास सांगितले जाते. थकल्याभागल्या माणसाला ते ऐकून धीर येतो हे मला मान्य आहे, परंतु झोपेत शरीर आणि स्मृती यांची जी दुरुस्ती होते तिची जागा कोणतीही साधना घेऊ शकत नाही, आणि असे सांगितल्याने लोक रात्रीची झोप तोडून योगनिद्रेवर भागवू पाहतात. तसे कोणी करू नये.

सहा महिन्यांनंतर

सहा महिन्यांनी त्या पुन्हा भेटल्या. साधना आता आठवड्यातून तीन-चार वेळा, कोणाच्याही आवाजाशिवाय, 15 ते 20 मिनिटे होते. उजव्या अंगठ्यापासून सुरू होणारा मूळ क्रम त्यांनी स्वतःहून परत घेतला आहे. जड-हलक्याचा टप्पा त्या अजूनही करत नाहीत, आणि करावा असा माझा आग्रह नाही. आईचा पलंग खोलीतून हलवलेला आहे. त्या जागी त्यांनी काही ठेवलेले नाही. वही त्यांनी मला पाहायला दिली. शेवटच्या पानावर त्या आठवड्यातील एका रात्रीची नोंद अशी होती : ‘दोनला जाग. पाणी प्यायले. पुढचे आठवत नाही.’